भट्टीवरचा ओटा

रामनाथ कोळी दोन घटका एका जागी बसलाय, असं ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात कोणी सांगितलं, तर ऐकणाऱ्यानं खुशाल समजावं की सांगणारा थापा मारतोय. जेवता जेवता तो मधेच उठून दार लोटून यायचा. चहा घेताना कपबशी हातात धरून घरभर फिरायचा. त्याची बायको सगुणा टोपलीत बोंबील लावता लावता म्हणायची, "बसा की जरा. पायाला भिंगरी बांधलीय का कोनी?" तो बसायचा, आणि तिनं मान वळवली की पुन्हा उभा.

मुळात स्वभाव असा नव्हता त्याचा. होड्या बांधणाऱ्या सुताराला चंचल असून चालत नाही. एकेक फळी शेकून वाकवायची, दिवसभर दाबून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बघायची, असलं ते काम. पी हळद अन् हो गोरी, असं तिथं होत नाही. रामनाथच्या बापानं, आज्यानं याच धीरावर दिवस काढले आणि रामनाथनंही अडतीस वर्षांपर्यंत काढले. भिंगरी लागली ती मागच्या नारळी पुनवेनंतर. आणि तिचं कारण समोरच्या घराच्या पायरीवर रोज सकाळी सहापासून जाळं विणत बसलेलं असायचं. कारणाचं नाव लहूकाका.

लहूकाका साठी उलटलेला. होडीच्या फळ्यांमधल्या फटी भरण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. राळेत भिजवलेला कापूस पटाशीनं असा ठोकायचा की थेंबाची बिशाद नाही आत यायची. रामनाथनं होडी बांधायची आणि लहूकाकानं फटी भरायच्या, ही जोडी वीस वर्षं चालली. अनंताची नवी होडीही दोघांनी मिळूनच केली. अगदी शेवटच्या दिवशी दुपारी लहूकाकाच्या म्हातारीला धाप लागली, तसा तो हातातलं टाकून निघाला. जाताना म्हणाला, "रामनाथ, डाव्या अंगाला हातभर राहिलंय. तेवरं बघशील?" रामनाथ म्हणाला, "बघतो. जा तू."

आणि बघितलं नाही. तेवढ्यात अनंतानं नवं इंजिन दाखवायला हाक मारली. मग चहा आला, चार माणसं जमली, थट्टामस्करी झाली, आणि संध्याकाळी रामनाथ ती हातभर फट साफ विसरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अनंताच्या माणसांनी होडीला डांबर फासलं. डांबराखाली काय भरलंय आणि काय राहिलंय, ते कोणाच्या बापाला दिसणार?

दोन फेऱ्या डांबरानं निभावल्या. तिसऱ्या फेरीला ते सुटलं आणि होडी भरली. जाळी गेली, मासळी गेली, नवं कोरं इंजिन तळाला गेलं. माणसं तेवढी शेजारच्या होडीनं वेचून घेतली, एकवीरा आईची कृपा. मग देवळापुढं जाणती मंडळी बसली. अनंतानं विचारलं, "फटी कोनी भरलेल्या?" लहूकाका म्हणाला, "मी." खोटं नव्हतंच ते. राहिलेल्या हातभराचं त्यानं नावही काढलं नाही. रामनाथ तिथंच खांबाला टेकून उभा होता. तो बोलायला म्हणून खाकरला, सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो नुसताच खाकरून गप्प राहिला. कोणीतरी म्हणालं, "लहूला आता दिसत नाय." झालं. तेवढ्या एका वाक्यावर म्हाताऱ्याच्या हातातली पटाशी सुटली. त्यानंतर त्याला एकाही होडीचं काम मिळालं नाही.

म्हाताऱ्यानं आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या तर रामनाथला बरं वाटलं असतं. पण तो रोज सकाळी जाळ्यातून मान वर काढून विचारायचा, "रामनाथ, च्या घेतलास का?" एवढंच. तो चहा रामनाथच्या घशात अडकायचा. रात्रीच्या रात्री तो स्वतःशी बोलायचा, उद्या सांगतो, उद्या नक्की सांगतो. उद्या उजाडला की लहूकाकाच्या पायरीसमोरून न जाता मागच्या बोळातून पळ काढायचा. असे सात महिने गेले.

म्हणून त्याला जायचं होतं. कुठं, ते महत्त्वाचं नव्हतं. जिथं खाडी नाही, होडी नाही आणि समोरची पायरी नाही, असं कुठंही.

ती वाट सगुणाच्याच टोपलीतून आली, हीही एक गंमत. सगुणा घाटकोपरला एका बेकरीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसायची. त्या बेकरीत धोंडू नावाचा मालवणी भट्टी सांभाळायचा. आधी गिरणीत होता. संपात गिरणी सुटली आणि दोन वर्षं इकडेतिकडे करून तो पावाच्या भट्टीला लागला होता. बांगड्यांचा भाव करता करता त्यानं सांगितलं की मालकाचा मेहुणा भीमराज परदेशात माणसं कामाला पाठवतो आणि त्याला सुतार हवाय, चांगला हातचा. सगुणानं घरी येऊन नुसतं सांगितलं. सांगून होईपर्यंत रामनाथनं सदरा घातलेला होता.

भीमराजची खोली बेकरीच्या मागं होती. सोन्याचं घड्याळ, तोंडात मसाला सुपारी. तो म्हणाला, "रियाधजवळचं काम आहे. एका शेठचा बंगला. पोहायच्या हौदाभोवती देवदाराच्या फळ्यांचा ओटा घालायचाय. डेक म्हणतात त्याला."

"डेक होडीला असतो," रामनाथ म्हणाला.

"तिथं होडी नाही रे बाबा. तिथं पाऊस नाही, दमट हवा नाही, काहीच नाही. चपाती पाच मिनिटं उघडी ठेवली की पापड होतो. म्हणून तर टेस्ट ठेवलीय. तीन सुतार. प्रत्येकानं सहा बाय चारचा नमुना बनवायचा. तिन्ही नमुने भट्टीवरच्या माळ्यावर आठ दिवस ठेवायचे. तिथं अगदी रियाधच आहे, सुकं रखरखीत. आठ दिवसांनी इंजिनिअर साहेब येऊन बघणार. कुणाचा टिकलाय तो मिस्त्री म्हणून जाणार. एकच जागा आहे. आणि ऐक, एकदा माल वर चढला की कोणीही हात लावायचा नाही. लावला तर नमुना बाद."

सुतारानं काय टिकवायचं, हे काही भीमराजनं सांगितलं नाही. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. रामनाथनंही विचारलं नाही. टिकणं म्हणजे काय, ते होडीवाल्याला विचारावं लागतं का?

बेकरीच्या मागच्या अंगणात त्यानं दोन दिवस काम केलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याचे पाय जागेवर राहिले. देवदार त्याच्या हाताला नवा होता. होडीचा साग रांगडा. हा मऊ, हलका, आणि रंधा फिरवला की सगळ्या अंगणात देवघराचा वास. फळ्या बाजारातून आल्या त्या ओलसरच होत्या. त्यानं एकेक फळी उचलून गाभ्याची बाजू कुठली ते बघितलं आणि सगळ्या एकाच तोंडानं लावल्या, म्हणजे कुठलीच फळी कडेनं उचलायला नको. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडलं, म्हणजे टोकं चिरायला नकोत. नऊ फळ्या त्यानं एकीला एक भिडवून अशा बसवल्या की मधे केस गेला नसता. वाकून त्यानं वरून तळहात फिरवला आणि त्याला बापाची आठवण झाली. मनात आलं, की हे लहूकाकाला दाखवायला पाहिजे. आणि लगेच पाय पुन्हा वळवळायला लागले.

बाकीच्या दोघांचं काम त्यानं जाता जाता बघितलं होतं. एकानं तर, मुलुंडचा फर्निचरवाला होता तो, दर दोन फळ्यांमधे मुद्दाम फट ठेवली होती. रामनाथला हसू आलं. याला सुतार कोणी केला?

तिन्ही नमुने माळ्यावर चढले. माळ्याला कुलूप लागलं आणि किल्ली भट्टीजवळच्या खिळ्याला, धोंडूच्या ताब्यात गेली.

आठ दिवस वाट बघायची. शहाण्या माणसानं ते दिवस झोपून काढले असते. रामनाथ दुसऱ्याच दिवशी बसनं घाटकोपरला हजर. सगुणाची टोपली उचलायला आलो म्हणाला. तिनं टोपली डोक्यावरून उतरवलीही नव्हती अजून.

तिसऱ्या दिवशी पाव घ्यायला आला. चौथ्या दिवशी नुसताच आला आणि बेकरीसमोर येरझाऱ्या घालत राहिला. धोंडूनं आतून हाक मारली, "रे रामनाथा, आत ये मरे. रस्तो झिजात."

दुपारची वेळ होती. बेकरीचं काम रात्रीचं, त्यामुळे दुपारी भट्टी नुसती धगधगत राहायची आणि कामगार पिठाच्या गोण्यांवर आडवे व्हायचे. धोंडूनं त्याला चहा दिला. रामनाथ उभ्यानंच प्यायला. नजर जिन्यावर.

"एकदाच बघू दे ना यार," तो म्हणाला. "हात नाय लावत. आईची आन."

"माझी नोकरी जातली."

"एकदाच. दारातून."

धोंडू गिरणीत एकवीस वर्षं काढलेला माणूस; माणसाचा जीव कुठं अडकलाय ते त्याला चेहऱ्यावरून कळायचं. त्यानं आजूबाजूला बघितलं, खिळ्यावरची किल्ली काढली आणि दोघं जिना चढून वर गेले. माळ्यावर पाय टाकताच नाकातला ओलावा उडाला. कोपऱ्यातल्या उजेडात तिन्ही नमुने शेजारी शेजारी होते. रामनाथनं आपला बघितला आणि तो उंबऱ्यातच खाली बसला.

फटी पडल्या होत्या. नऊ फळ्यांमधे आठ फटी. पाटीवरची पेन्सिल आरामात आत जाईल, एवढ्या रुंद.

"वाट लागली," तो म्हणाला. "माझी वाट लागली, धोंडू."

"लाकूड सुकला," धोंडू म्हणाला. "सुक्यात सगळाच आखडता रे. आमच्या मिलीत मागावर पाण्याचो फवारो मारूचो लागा. नाय तर सूत पटापट तुटा. आता ह्या भट्टीवर दुसरा काय होतला? दोन बाकीचे बघ, तेंकाय फटी आसत."

"त्यांना काय, ते फर्निचरवाले!" रामनाथ ओरडलाच. धोंडूनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दंडाला धरून खाली आणला.

उन्हात होडीच्या फळ्या उघडतात, हे रामनाथला काय ठाऊक नव्हतं? कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण होडीवर पाणी मारलं की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. इथं पाणी मारावं, तर ते फटींतून ठिबकून थेट भट्टीवर. आणि तिकडे रियाधला मारलं तरी त्या उन्हात ते किती वेळ टिकणार? या विचारानं त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलून बदलून गोधडी पायाशी गोळा झाली. सगुणा अंधारातच म्हणाली, "एवरा काय जीव टाकलाय त्या नोकरीवर? हितं काय उपाशी हाव का आपून?" त्यानं गोधडी पुन्हा वर ओढली. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं नवऱ्याला मोठेपणाची हौस आलीय. आणि तिला तसं वाटू दिलं होतं, यानं तर तो आणखीच तळमळायचा.

डोळे मिटले की आठ फटी दिसायच्या, आणि त्यांच्या खालून काळं पाणी वर येताना दिसायचं. फट दिसते आणि माणूस ती तशीच टाकून जातो, हे पुन्हा? एकदा टाकून गेला तेव्हा काय झालं? सातव्या दिवशी सकाळी उठला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या चोराच्या पिशवीत कापूस, राळ, पटाशी आणि लाकडी हातोडी होती. दुपारी तो बेकरीत शिरला. धोंडू गोणीवर घोरत होता. रामनाथनं त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याची किल्ली उचलली आणि अनवाणी जिना चढला. खाली भट्टी घुरघुरत होती, तेवढ्या आवाजात हातोडीचा आवाज खपून गेला. घामानं सदरा भिजला, लगेच वाळला, पुन्हा भिजला. एकेक फट त्यानं लहूकाकासारखी भरली. आधी कापसाची सैल वात, मग पटाशीचं पातं, मग हलका ठोका, मग दुसरी वात. सातवी झाली, आठवी झाली. पुन्हा पहिलीपासून शेवटपर्यंत बोट फिरवून बघितलं, कुठं हातभर तर राहिलं नाही ना. नव्हतं राहिलं. खाली उतरून त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली, तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की बसमधे तो चक्क झोपला. ट्रॉम्ब्याला कंडक्टरनं उठवलं.

हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात. पण ते कळायला आणखी एक दिवस जायचा होता.

आठव्या दिवशी दुपारी तीनला साहेब आले. पन्नाशीचे, बारीक, खिशात लोखंडी पट्टी, बोलणं हळू. भीमराज पुढं, मागून तिन्ही सुतार, आणि किल्ली घेऊन धोंडू. सगळे माळ्यावर चढले. साहेब पहिल्या नमुन्याशी वाकले. फळ्यांची टोकं चिरली होती. दुसरा मुलुंडवाल्याचा; फळ्या कडेनं किंचित उचलल्या होत्या, पण बऱ्या होत्या. तिसऱ्याकडे मात्र ते हसतच वळले आणि तिथंच थांबले.

"हे काय?" ते म्हणाले. "परवा असं नव्हतं."

साहेबांनी खाली बसून बोट फिरवलं. "परवा सकाळी मी येऊन गेलो, भीमराजना ठाऊक आहे. तिन्ही मोजून गेलो. हा नमुना सगळ्यांत सरस होता. एक फळी उचललेली नाही, एक टोक चिरलेलं नाही, आणि आठही फटी एकसारख्या, पाच पाच मिलिमीटर. ओली फळी घट्ट भिडवली की वाळून हवी तेवढी फट आपोआप पडते, हे फार थोड्या सुतारांना कळतं. मी याचंच नाव लिहून घेतलं होतं."

रामनाथच्या कानात भट्टी वाजायला लागली. हवी तेवढी फट?

"फट हवीच असते," साहेब म्हणाले, जणू त्यांना त्याच्या मनातलं ऐकू आलं. "ओल्या अंगानं माणसं हौदातून बाहेर येणार, ते पाणी खाली जायला नको? वाळू उडणार, ती कुठं पडणार? आणि लाकूड दिवसा हलतं, रात्री हलतं. त्याला हलायला जागाच ठेवली नाही तर फळ्या एकमेकींना ढकलून वर येतील. हा कापूस कोणी भरला?"

भीमराजचं डोकं या बाबतीत फार चालायचं. साहेबांच्या पसंतीचा सुतार पाठवला तर त्याला फायदा होता. भट्टीवाला काय, दुसरा मिळाला असता. त्यानं गर्रकन वळून धोंडूचा दंड धरला. "किल्ली कोणाकडे होती? तुझ्याकडे ना? काय रे, कोणी पढवलं तुला हे करायला? त्या बाकीच्यांनी? साहेब, याचंच काम हे. रामनाथचं काम तुम्ही बघितलंयच. कापूस आत्ता काढून टाकू, मोजा पुन्हा. आणि तू, आजच्या आज चालता हो इथनं."

धोंडूचा चेहरा पांढरा पडला, आधीच पिठानं पांढरा होता त्याहून. त्यानं रामनाथकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विचारणाही नव्हती. एवढंच होतं की हा बोलतोय की नाही, ते बघूया. मग त्यानं नजर खाली घातली आणि म्हणाला, "किल्ली माझ्याकडेच होती, साहेब."

तेही खोटं नव्हतं.

रामनाथ खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. भीमराजनं भुवई उडवली, म्हणजे गप्प राहा येड्या, तुझं विमान उभं आहे. काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, मागच्या खेपेसारखं. दहा अंक मोजले असते तरी काम झालं असतं, आणि मग रियाध. तिथं ना खाडी, ना पायरी. फक्त हा धोंडू राहिला असता, बेकरीच्या बाहेर. मग कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी सकाळी चहा घशात अडकला असता आणि तो नेमका कोणाच्या नावानं अडकलाय, हेही कळलं नसतं.

"मी भरला," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, "कापूस मी भरला, साहेब. काल दुपारी. हा झोपला होता. मी खिळ्यावरून किल्ली चोरली. याला काही ठाऊक नाही."

भीमराजनं कपाळावर हात मारला. "वाट लावलीस ना! अरे, कशाला?"

"फट दिसली," रामनाथ म्हणाला. "मी होड्या बांधतो, साहेब. फट राहिली तर माणसं मरतात. माझ्याकडून एक राहिली होती."

साहेबांनी त्या कापसावर नख दाबून बघितलं. मग म्हणाले, "भरलाय मात्र सुरेख." खिशातून कागद काढून त्यांनी एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. "माल वर चढल्यावर हात लावायचा नाही, हे तिघांनाही सांगितलं होतं. नियम मोडला की नमुना बाद. मला वाईट वाटतं." मग भीमराजकडे वळून म्हणाले, "भट्टीवाल्याला काही बोलू नका." मुलुंडवाल्याचा आधी विश्वासच बसेना. बसला तेव्हा तो भीतभीत हसला.

खाली उतरल्यावर धोंडू म्हणाला, "मेल्या, गप रवलो असतंस तर गेलो असतंस."

"हो ना," रामनाथ म्हणाला.

"माझा काय, माका खंयय भट्टी गावली असती."

"हो ना," रामनाथ पुन्हा म्हणाला, आणि दोघांनाही ठाऊक होतं की गावली नसती. धोंडूनं पावांची लादी कागदात बांधून त्याच्या हातात कोंबली आणि पाठ फिरवली.

बेकरीच्या तोंडाशी सगुणा टोपली मांडून बसली होती. त्याचा चेहरा बघून तिनं फक्त विचारलं, "नाय?" तो म्हणाला, "नाय. घरी आल्यावर सांगतो, सगळंच सांगतो." आणि तिनं आणखी काही विचारायच्या आत निघाला. बस वाटेत कुठं कुठं थांबली, त्याला आठवत नाही. जागा मिळाली होती तरी तो दांडा धरून उभाच होता. मधे एकदा वाटलं, उतरावं आणि कुठंतरी चालत सुटावं. पण आता उतरून जाणार कुठं? जायची जागा तर गेली होती.

ट्रॉम्ब्याला उतरल्यावर बाहेरच्या बोळाशी त्याचे पाय सवयीनं मागच्या वाटेला वळले. त्यानं ते वळवून पुढच्या वाटेला आणले. उन्हं कलली होती. लहूकाका पायरीवर होता. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातातली सुई चाललेली.

"आलास?" म्हातारा म्हणाला. "च्या घेतलास का?"

रामनाथ त्याच्या शेजारी पायरीवर बसला. पावाची लादी मधे ठेवली. आणि मग वर न बघता, एका दमात, त्यानं सगळं सांगितलं. डाव्या अंगाची हातभर फट. अनंताची हाक, इंजिन, चहा. देवळापुढं खाकरून गप्प राहिलो ते. मागच्या बोळानं सात महिने पळालो ते. सांगताना त्याला रडू आलं आणि रडू आल्याची लाज वाटली नाही.

लहूकाकाची सुई थांबली नव्हती. तो बोलला तेव्हाही ती चालूच होती.

"मना कशाला सांगतंस?"

रामनाथनं मान वर केली.

"मी भरल्या त्या फटी मना ठावं हायत. त्यातली एक बी सुटनार नाय, ते बी ठावं हाय. मंग ती कोनाची सुटली, ते कलायला मना तुझी गरज नाय." म्हाताऱ्यानं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला. "सात महिने रोज तुला इचारतोय, च्या घेतलास का. मना काय तुझ्या च्याचं परलंय? मना वाटायचं, आज थांबंल, आज बोलंल."

"काका, चुकलो मी."

"ते झालं. पन ज्याला ठावं नाय त्याला जाऊन सांग. अनंताला सांग. देवलापुरं बसतात त्यांना सांग." त्यानं अंगठ्यातून जाळं सोडवलं, भिंतीचा आधार घेत उठला आणि खुंटीवरचा सदरा ओढला. "चल."

"आत्ता?" रामनाथ म्हणाला. "आत्ता तिथं सगळी मानसं असतील."

"मंग?" म्हातारा सदऱ्यात हात घालता घालता म्हणाला. "माझ्यावर बोल आला, तवा बी सगळी होती."

तो पायरी उतरून पुढं निघालाही. रामनाथ उठला, डोळे पुसले आणि त्याच्या मागून देवळाकडे चालू लागला.